परक्या देशातले बिऱ्हाड

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. नेदरलँड्समध्ये बिऱ्हाड करू पाहणारा परका माणूस ‘घर पाहावे भाड्याने घेऊन’ असे म्हणेल.

जुन्या अ‍ॅमस्टरडॅममधील जिने इतके अरुंद व उभे, की त्यांवरून कपाट वा पलंग नेणे कठीणच. म्हणून घराच्या माथ्याशी बाहेर काढलेल्या तुळईला आकडा असतो. सामान दोराने ओढून खिडकीतून आत घेतात. त्या भल्यामोठ्या खिडक्यांना पुष्कळ घरी पडदे नसतात. सायंकाळी रस्त्यावरून दुसऱ्याचा दिवाणखाना दिसे, तेव्हा प्रथम संकोच वाटे. पुढे सवय झाली.

भाड्याने घर सामानासह मिळते, तसे अगदी रिकामेही मिळते. रिकामे म्हणजे किती! आम्ही पाहिलेल्या एका घरात दिव्यांच्या जागी तारा लोंबत होत्या आणि पायांखाली कोरडे सिमेंट होते. आधीच्या भाडेकऱ्याने जमिनीवरच्या लाकडी पट्ट्याही सोबत नेल्या होत्या.

परंतु खरी कसोटी नोंदीची. येथे राहावयास आलेल्याने नगरपालिकेत पत्ता नोंदविला, की त्याला नागरिक सेवा क्रमांक मिळतो. त्यावाचून पगार, बँक, आरोग्यविमा, सारेच अडते. एका घरमालकाने भाडे बरेच कमी सांगितले. अट एकच, त्या पत्त्यावर नोंद करावयाची नाही. ओढाताणीच्या दिवसांत तो मोह मोठा होता. “म्हणजे राहायचं इथं, आणि कागदोपत्री कुठंच नसायचं?” असे सौभाग्यवतीने विचारले. आम्ही ते घर सोडले व आणखी काही आठवडे एका खोलीत काढले.

पुढे मिळालेले घर लहान होते. परंतु कायदा भाडेकऱ्याच्या पाठीशी आहे हे कळून धीर आला. १ जुलै २०२३ पासून नव्या करारात दोन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही. १ जुलै २०२४ पासून नवा करार, काही अपवाद वगळता, बेमुदत असतो. अकरा महिन्यांच्या करारांना सरावलेल्या आम्हांस याचे नवल वाटले.

इंदूर-बडोद्यास बिऱ्हाड थाटणाऱ्या आपल्या पूर्वजांना बहुधा आधी गणगोत भेटले, मग घर. येथे आधी दप्तरात नाव, मग दारावर पाटी, आणि शेजार त्यानंतर. जमीन आपणच घालावयाची, दिवेही आपणच लावावयाचे. आम्ही पहिला दिवा देवापुढे लावला.