दारात उभी असलेली माणसं

ग्रिगोरी चुखराय यांचा ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’ (१९५९) एका रस्त्यावर सुरू होतो. काळ्या कपड्यांतली एक आई गावाबाहेर येऊन उभी आहे आणि निवेदक लगेच सांगून टाकतो, हिचा मुलगा परत आला नाही. त्यानंतर दीड तास आपण त्याच मुलाबरोबर आगगाडीतून हिंडतो. अल्योशा एकोणीस वर्षांचा. दोन रणगाडे निकामी केले म्हणून त्याचं कौतुक होतं, तेव्हा तो पदकाऐवजी रजा मागतो, कारण आईच्या घराचं छप्पर गळतंय. सहा दिवसांची रजा मिळते: जायला दोन, यायला दोन, छपरासाठी दोन. वाटेत भेटेल त्याच्या मदतीला धावता धावता ते दिवस संपतात आणि आईच्या वाट्याला एका मिठीपुरता वेळ येतो. छप्पर तसंच राहतं. चुखराय स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढलेले. लढून आलेल्या माणसाला युद्धाचा चित्रपट काढताना गळकं छप्पर सुचावं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

*

पालघरजवळच्या शिरगावात राहणाऱ्याला ती रस्त्यावरची बाई परकी वाटत नाही. आमच्या एका अंगाला सातपाटी, दुसऱ्या अंगाला माहीम, वडराई, केळवे. वारा फिरला, बोटींना उशीर झाला, की किनाऱ्यावर कोण येऊन उभं राहतं हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. युद्धपट पाहताना माझी नजर तेच शोधत असते. स्फोट कुठे झाला, कोणती टेकडी कुणी घेतली हे महिन्याभरात पुसट होतं. दारात कोण होतं, ते राहतं.

*

गावचा किल्ला पोर्तुगीजांचा. १७३९च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी पाठोपाठ मराठ्यांकडे आली आणि मे महिन्यात वसई पडली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर मारले गेले. थोरल्या बाजीरावांनी त्यांच्या आईला सांत्वनाचं पत्र लिहिलं. मोहिमेचा इतिहास वाचताना सुरुंग, शिड्या, तोफा यांवरून मी भराभर पुढे जाते आणि त्या पत्रापाशी थांबते. हिंदुस्थानभर घोडी फेकणारा माणूस एका आईला काय लिहावं या विचारात बसला आहे. पडद्यावर वसईची लढाई कुणी आणली, तर त्यात हा प्रसंग हवाच.

*

‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६). दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मवर सरकारचं नियंत्रण होतं आणि निर्मात्यांकडून युद्धप्रयत्नांना पूरक असे चित्रपट मागितले जात. परळच्या राजकमलमध्ये शांतारामबापूंनी त्यासाठी विषय निवडला तो सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांचा. चीन हे दोस्तराष्ट्र, त्यामुळे सरकारला हरकत घेता येईना. आणि काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातला मराठी तरुण नायक म्हणून प्रेक्षकांपुढे उभा राहिला. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरची. कोटणीसांची भूमिका स्वतः बापूंची, चिनी पत्नीची जयश्रीबाईंची, संगीत वसंत देसाईंचं.

मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. वडील गेल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली, तरी ते आले नाहीत. आठव्या मार्ग सेनेबरोबर डोंगराळ मुलखात शस्त्रक्रिया करत राहिले, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ला अपस्माराच्या झटक्यांनी गेले तेव्हा वय बत्तीस, आणि मुलगा काही महिन्यांचा.

चित्रपटाचा शेवट मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. मरणाच्या दारातले कोटणीस पत्नीला आपलं घर सांगू लागतात, आणि त्याच आवाजाच्या सोबतीने ती मुलाला घेऊन त्या घरी येऊन पोहोचते. सोलापूरच्या आईला मुलगा मिळाला नाही, पण सून आणि नातू मिळाला. १९४६ च्या प्रेक्षकांना हे किती हवंसं वाटलं असेल!

खऱ्या आयुष्यात चिंगलान चीनमध्येच राहिल्या. भारतात त्या पुढे अनेकदा आल्या, त्या पाहुण्या म्हणून. मुलगा यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये वारला. १९६२ मध्ये आईचा देश आणि बापाचा देश हिमालयात एकमेकांवर गोळ्या झाडत होते तेव्हा तो वीस वर्षांचा होता. बापूंनी जो शेवट रचला त्याला मी खोटा म्हणणार नाही. घरी आलेली सून ही त्या घराची इच्छा होती, आणि तीही युद्धकथेचाच भाग आहे. पण यिनहुआच्या त्या वीस वर्षांवर चित्रपट व्हायला हवा असं वाटत राहतं.

*

‘हकीकत’ (१९६४). चेतन आनंद, लडाख, १९६२ ची माघार. पराभवानंतर दोनच वर्षांत, विजयाचा आव न आणता काढलेला चित्रपट. त्यातलं मदनमोहन यांचं एक गाणं रफी, तलत, मन्ना डे आणि भूपेंदर यांनी मिळून गायलं आहे. बर्फातले जवान एकेक करून घरच्यांबद्दल बोलतात: मला विसरली असेल का, माझी आठवण काढत असेल का. चार गायकांचे चार आवाज, म्हणून चार निरनिराळी घरं दिसतात. एकाच गळ्यात ते गाणं दिलं असतं तर नुसतं विरहगीत झालं असतं.

*

मराठी अभिनेत्रींनी हिंदी पडद्यावर युद्धाची किती वाट पाहिली आहे! ‘हम दोनो’ (१९६१) घ्या. दुसरं महायुद्ध, ब्रह्मदेशाची आघाडी, देव आनंद दुहेरी भूमिकेत. लोकांच्या आठवणीत लायटरची धून आणि साहिर-जयदेव यांची गाणी आहेत. मी मात्र घरातल्या बायका मोजते. कॅप्टन आनंदची आई लीला चिटणीस. मेजर वर्माची आई ललिता पवार. मेजरची बायको नंदा, म्हणजे मास्टर विनायकांची लेक. मुलगा आघाडीवर असताना कॅप्टनची आई मरते. तो परत येतो तेव्हा घरी सांगणारी फक्त त्याची प्रेयसी, साधनाची मीता, उरलेली. मेजरच्या घरी उलटं. तो मेला असं समजून, हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा कॅप्टन बातमी सांगायला जातो, आणि काळजाने दुबळी झालेली बायको त्यालाच नवरा समजते. बातमी ओठांवरच राहते.

लताबाईंचं त्यातलं भजन देवळात नंदावर चित्रित झालं आहे. ते आता शाळांच्या प्रार्थनेत जाऊन बसलंय, म्हणून त्याची मूळ जागा विसरते: ते आघाडीवरून तार येऊ नये म्हणून धडपडणाऱ्या बाईचं गाणं आहे. नंदाबाई तिथे फारसं काही करत नाहीत. मान किंचित कलती, डोळे मिटलेले. ललिताबाईंना आपण खाष्ट सासू म्हणून इतकं पक्कं करून ठेवलंय की या आईतलं त्यांचं मऊपण बघणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. येऊ द्यावं.

त्याच्या आदल्याच वर्षी ‘उसने कहा था’मध्ये, बिमल रॉय यांच्या निर्मितीत, पुन्हा नंदा. हिंदी कथाकार गुलेरी यांच्या १९१५ च्या कथेवर बेतलेला. एक बाई जुन्या ओळखीच्या शिपायाला नवऱ्याला सांभाळ म्हणून सांगते आणि तो शब्द पाळतो. कथा वाचावी, चित्रपट नंदा आणि सुनील दत्त यांच्यासाठी पाहावा.

*

मेजर वर्मा पाय गमावून परततो आणि आपल्या जागी दुसरा आहे या संशयाने जळतो. त्याच दुखण्याचा चित्रपट विल्यम वायलर यांनी १९४६ मध्येच केला होता: ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’. तीन सैनिक घरी येतात, त्यांतल्या होमरला दोन्ही हात नाहीत. ही भूमिका करणारे हॅरल्ड रसेल नट नव्हते; सैन्यात प्रशिक्षण देताना स्फोटकाने त्यांचे हात खरोखरच गेले होते. एका रात्री होमर शेजारच्या मुलीला आपल्या खोलीत नेऊन दाखवतो की पट्टे काढले की मला शर्टाची बटणंही लावता येत नाहीत, दार लागलं तर उघडता येत नाही. ती बटणं लावते. मागे संगीताचा मारा नाही, रडारड नाही. इतकं खरं प्रेमदृश्य मी कुठल्याही प्रेमपटात पाहिलेलं नाही.

*

कालातोझोव्ह यांचा ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’ (१९५७): शेवटी स्टेशनवर विजयी सैनिक उतरताहेत, वेरोनिका फुलं घेऊन बोरिसला शोधतेय, आणि तो येणार नाही हे तिला आता मानावंच लागतं. मग ती एकेक फूल समोर येईल त्याला देत सुटते. तात्याना सामोयलोवाचा चेहरा. बाकी काही लिहीत नाही.

*

१४ ऑगस्ट १९४२, पालघर. ‘चले जाव’ची घोषणा होऊन आठवडाही झाला नव्हता. आसपासच्या गावांतून माणसं पालघरच्या कचेरीवर चालून गेली आणि गोळीबार झाला. त्यात गेले ते: सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, पालघरचे रामचंद्र भीमाशंकर तिवारी, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, सालवडचे सुकुर गोविंद मोरे. पाच नावं, पाच गावं, सगळी आमच्या रोजच्या येण्याजाण्यातली. पालघरच्या पाचबत्तीतल्या हुतात्मा स्तंभावरून बाजाराला जाताना ती वाचली जातात. महायुद्ध आफ्रिकेत आणि ब्रह्मदेशात चाललं होतं असं शाळेत शिकवतात. ते पालघर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावरही येऊन गेलं.

त्या दिवशी संध्याकाळी मुरबे-सातपाटीच्या घरांत काय झालं असेल याचा विचार करताना मला हिंदी ‘शहीद’ (१९४८) उपयोगी पडत नाही. तो दिलीपकुमारचा फार मोठा चित्रपट, पण त्यात फाशीची मिरवणूक आहे. मला हवी आहे चूल.

*

चूल दाखवली सत्यजित राय यांनी. ‘अशनि संकेत’ (१९७३) मध्ये एकही सैनिक लढत नाही. वर विमानांचे थवे जातात, खाली खेड्यातल्या बायकांना त्यांचं नवलच वाटतं. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला, सरकारी खरेदी सैन्यासाठी, साठेबाजांची कोठारं भरलेली. भाव चढत जातो आणि गाव उपाशी पडत जातं. १९४३ चा बंगालचा दुष्काळ. राय यांनी तो रंगीत काढला, आणि त्यातलं हिरवंगार शेत पाहताना पोटात कालवतं, कारण पाऊस झाला आहे, निसर्गाने काही हिरावलेलं नाही. वाडा कोलम तांदूळ पिकवणाऱ्या मुलखाच्या शेजारी राहणाऱ्याने हा चित्रपट एकदा तरी पाहावा. भाताने डोलणारं शिवार आणि रिकामं ताट एकाच गावात असू शकतं, हे आपल्याला पटकन खरं वाटत नाही.

त्याच दुष्काळावर अब्बास यांनी इप्टा या नाट्यसंघटनेच्या कलावंतांना घेऊन ‘धरती के लाल’ (१९४६) केला होता. शहराकडे निघालेले भुकेले बंगाली शेतकरी पडद्यावर दिसतात, त्या गर्दीत धुळे जिल्ह्यातल्या किसान सभेचे शेतकरी आहेत. खानदेशातल्या माणसांनी बंगालची भूक आपल्या अंगावर घेतली.

*

‘इन विच वुई सर्व्ह’ (१९४२), नोएल कॉवर्ड आणि डेव्हिड लीन. बुडालेल्या जहाजाचे खलाशी तराफ्याला धरून आहेत आणि तिथून एकेकाचं घर आठवणीत उलगडतं. प्रचारपट आहे, ते जाणवतं. तरीही पाणी आणि घर यांच्यातली ये-जा त्याला नीट साधली आहे.

*

आता जवळचं. डहाणू, तलासरी, पालघर भागांतले तरुण ऑगस्टात हंगाम सुरू झाला की ओखा, पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. मासळीमागे बोट सागरी हद्दीजवळ जाते, पाकिस्तानची यंत्रणा ती पकडते, आणि महिने, कधी वर्षं कराचीच्या तुरुंगात जातात. २०२१ च्या नोव्हेंबरात तर गुजरातच्या किनाऱ्याबाहेर बोटीवर गोळीबार झाला आणि पालघर तालुक्यातला एक खलाशी जागीच गेला. युद्ध जाहीर झालेलं नव्हतं. तो मासे धरायला गेला होता.

पाकिस्तानच्या मेहरीन जब्बार यांचा ‘रामचंद पाकिस्तानी’ (२००८) यासाठी पाहावा. थरच्या वाळवंटातला दलित मुलगा चुकून सीमा ओलांडतो, बाप त्याच्या मागे जातो, दोघे भारतीय तुरुंगात पडतात. नंदिता दास यांनी मागे राहिलेली बायको केली आहे. कर्ज, मजुरी, आणि नवरा जिवंत आहे की नाही हे सांगायला कुणीही नाही. गाव पलीकडचं, पण डहाणूच्या पाड्यावरची बाई ते पाहून समजेल.

*

मच्छीमारांवर मराठीत चित्रपट कुणी करणार असेल, तर ही टिपणं त्यांच्यासाठी. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. कथा त्या तारखांवर बांधता येईल, म्हणजे घरातलं कॅलेंडर आपोआप पात्र होतं. सुटका झाली की माणसं वाघा सीमेवर येतात, तिथून गुजरात, मग घर. हा प्रवास दाखवावाच, कारण अल्योशाच्या गाडीसारखं त्यात कितीतरी भेटतं. हंगामाआधी घेतलेली उचल आणि ती फेडायची कुणी, हा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात यावा. पाड्यावर वारली, बंदरावर मांगेली, बोटीवर गुजराती बोलली जाते. तिन्ही भाषा तशाच ठेवाव्यात आणि खाली मराठी अक्षरं द्यावीत. तुरुंगाची दृश्यं कमीत कमी. कॅमेरा पाड्यावर असावा.