बारा किलो बेसन

संपादकांचा फोन जूनमध्ये आला. "स्वस्त मोठ्या दुकानांतून काय घ्यावं, काय घेऊ नये, यावर तुम्हीच लिहा. तुमचं आयुष्य तेला-तुपाच्या परीक्षेत गेलंय." एरवी मी नाही म्हटलं असतं. माटुंग्याच्या यूडीसीटीत (आताच्या आयसीटीत) तेलतंत्रज्ञान शिकले, नंतर 31 वर्षं प्रयोगशाळेत तेलं, तुपं, पिठं तपासली. माझं काम नमुन्याबद्दल बोलायचं, दुकानाबद्दल नाही. पण गेल्या दिवाळीतली एक गोष्ट अजून मनातून जात नाही, म्हणून हो म्हटलं.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एक वहिनी ऑर्डरप्रमाणे फराळ करून देतात. वसुबारसेच्या आदल्या रात्री त्यांचा फोन आला. "काकू, दोन घरांतून बेसनाचे लाडू परत आलेत. खवट लागतात म्हणे." मी विचारलं, बेसन कुठलं? त्यांनी एका मोठ्या स्वस्त दुकानाचं नाव सांगितलं. पहिल्यांदाच तिथून घेतलं होतं, किलोमागे बरंच कमी पडलं होतं. मी लगेच म्हणाले, "मग बेसनच. ते वापरू नका." लाडू पाहिला नव्हता, पिठाचा वास घेतला नव्हता. त्यांनी त्याच रात्री उरलेलं सगळं बेसन गोठ्यात पाठवलं आणि नेहमीच्या वाण्याकडून महागाचं आणून पहाटेपर्यंत भाजलं.

भाऊबीज झाल्यावर मला चैन पडेना. त्यांच्याकडे परत आलेले सात-आठ लाडू होते आणि फळीवर मागे राहिलेली त्याच बेसनाची एक न फोडलेली पिशवी. दोन्ही घेऊन मी जुन्या सहकाऱ्याच्या प्रयोगशाळेत गेले.

इथे थोडं रसायन सांगावंच लागेल. तेल किंवा तूप म्हणजे ग्लिसरॉलच्या एका कण्याला टांगलेली तीन स्निग्धाम्लं. यातल्या काही आम्लांच्या साखळीत दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन तिथे शिरतो, आणि शिरला की शेजारच्या साखळीलाही बिघडवतो. आधी पेरॉक्साइडं तयार होतात. त्यांना ना वास ना चव. ती मोडली की आल्डिहाइडं निघतात, आणि आपण ज्याला खवट म्हणतो तो वास त्यांचा. इतक्या सूक्ष्म प्रमाणात तो नाकाला कळतो की यंत्रालाही कष्ट पडावेत. यातली सगळ्यात महत्त्वाची बाब म्हणजे ही क्रिया सरळ रेषेत चालत नाही. कितीतरी आठवडे काहीच कळत नाही आणि मग चार दिवसांत सगळं हाताबाहेर जातं. "परवापर्यंत तर चांगलं होतं हो," असं बायका म्हणतात तेव्हा त्या खरंच सांगत असतात.

परीक्षा तशी जुनी आणि साधी आहे. पिठातलं तेल थंडपणे काढायचं, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं, पोटॅशियम आयोडाइड घालायचं. जितकी पेरॉक्साइडं तितकं आयोडीन मोकळं होतं. स्टार्चने ते निळं करायचं आणि थायोसल्फेट थेंब थेंब सोडत निळा रंग जाईपर्यंत मोजायचं. येतो तो पेरॉक्साइडचा आकडा. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा रिफाइंड तेलासाठी 10, घाण्याच्या तेलासाठी 15. पिशवीतल्या बेसनाचा आकडा 10 च्या पुष्कळ खाली आला. लाडू कुस्करून चाळला, नुसता बेसन-तुपाचा भाग तपासला. तोही चांगला. मग सहकाऱ्याने लाडवावरच्या चारोळ्या चिमट्याने वेगळ्या केल्या आणि माझ्या नाकाशी धरल्या. तपासायची गरजच उरली नाही.

चारोळीच्या दाण्यात निम्म्याहून अधिक तेल असतं. फळ वर्षातून एकदा, उन्हाळ्यात पिकतं. माल मध्य प्रदेश, छत्तीसगड, आपल्या गडचिरोलीच्या जंगलांतून येतो. कठीण कवचात दाणा सुरक्षित असतो. कवच फोडलं की त्याचं घड्याळ सुरू होतं. वहिनींनी ती चारोळी एका नावाजलेल्या सुक्या मेव्याच्या दुकानातून आणली होती, काचेच्या बरणीतून मोजून. बरणी दिव्याखाली ठेवलेली. लाडवामागे चार दाणे, आणि त्या चार दाण्यांनी अख्खा डबा परत आला.

स्वस्त म्हणून मी बेसनाला दोषी धरलं. महाग म्हणून चारोळीचा विचारही मनात आला नाही. तीन दशकं हेच मोजत आलेल्या माणसाकडून हे झालं, तर इतरांना काय दोष द्यायचा?

वाचकांना मला सांगायचं आहे ते एवढंच: किराण्यात गुणवत्ता म्हणजे पुष्कळ अंशी वय. ब्रँड, पॅकिंग, दुकानातला एसी या सगळ्यापेक्षा माल दळल्याला, सोलल्याला, फोडल्याला किती दिवस झाले हे महत्त्वाचं. आणि स्वस्त मोठ्या दुकानाचा सगळा धंदाच माल लवकर हलण्यावर उभा असतो.

डीमार्टचं उदाहरण घ्या. राधाकिशन दमाणींनी 2002 मध्ये पवईला पहिलं दुकान काढलं. त्याआधी त्यांनी नेरुळला अपना बाजारची शाखा चालवायला घेतली होती. कंपनी 2017 च्या मार्चमध्ये शेअर बाजारात आली तेव्हा त्यांचा हिशेब सगळ्यांना वाचायला मिळाला. बहुतेक जागा स्वतःच्या, त्यामुळे भाड्याचा बोजा नाही. पुरवठादाराला पैसे साधारण आठवडा-दहा दिवसांत, त्यामुळे तो भाव उतरवून देतो. आणि माल सरासरी महिनाभरात फळीवरून जातो. स्वस्ताई इथून येते. पिठात काही कमी घातल्यामुळे येत नाही.

"एमआरपीपेक्षा कमी म्हणजे माल दोन नंबरचा," हे मी किती सुशिक्षित घरांत ऐकलंय त्याला गणती नाही. एमआरपी ही कमाल किंमत आहे, योग्य किंमत नव्हे. "कंपन्या अशा दुकानांसाठी हलका माल वेगळा काढतात," हेही नेहमीचं. दुसऱ्या कारखान्यांची खात्री मी देऊ शकत नाही, पण ज्या तेल कारखान्यात मी होते तिथे एका टाकीतून एकाच दिवशी तीन-तीन लेबलांच्या पिशव्या भरल्या जात. नमुना मीच काढत असे. आकडे एकच.

खरं तर माल असा भरभर हलवून स्वस्त देणं आपल्याकडे नवं नाही. नायगावला अपना बाजार 1948 मध्ये सुरू झाला. मुंबई ग्राहक पंचायत 1975 मध्ये. माझी आई पंचायतीच्या संघात होती. महिन्याची यादी आधी भरायची, माल एकदम यायचा, बिल्डिंगच्या व्हरांड्यात ताडपत्री अंथरून वाटला जायचा, संध्याकाळपर्यंत ताडपत्री रिकामी. आम्ही मुलं गूळ फोडायला बसायचो. आई म्हणायची, पंचायतीचं तूरडाळ-बेसन वाण्यापेक्षा ताजं असतं. मला वाटायचं, हा तिचा चळवळीवरचा लोभ. आता कळतं की साठवणूकच नव्हती, तर शिळं होणार कुठून?

मग अशा दुकानातून घ्यावं काय? बेसन, रवा, पोहे, शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, दिवाळीच्या महिन्यात तर बिनदिक्कत. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल, तिळातही तितकंच, सुक्या खोबऱ्यात त्याहून पुष्कळ जास्त. म्हणजे ज्यांना वय सगळ्यात जास्त मारतं तेच जिन्नस तिथे सगळ्यात तरुण मिळतात. शेंगदाणे पारदर्शक पिशवीत असतात. सुरकुतलेले, काळपट दाणे दिसले तर ती पिशवी ठेवून द्या, कारण बुरशीचं विष बहुतेक तसल्याच दाण्यांत असतं. खोबऱ्याची तऱ्हा वेगळी. ते ओलसर राहिलं तर त्यातली लॉरिक आम्लं सुटतात आणि चव साबणासारखी लागते. त्याला खवट म्हणू नये. पण हे कुणाला पटवता पटवता मी थकले. बाजरीचं पीठ मात्र कुठल्याच दुकानातून घेऊ नका. बाजरीतली एन्झाइम्स दळताक्षणी तेलावर तुटून पडतात, आठवड्याभरात पीठ कडू होतं. धान्य घ्या, गिरणीत दळा.

आणि रिफाइंड तेल. हे नाव काढलं की मला पत्रं येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोकांना वाटतं, रिफाइंड म्हणजे विष, घाण्याचं म्हणजे अमृत. सोसायटीच्या सभेत एका गृहस्थांनी मला सुनावलं होतं, "मॅडम, तुम्ही लोक तेलात ब्लीच घालता." तेव्हापासून मी हा शब्द सोडवत बसले आहे. तेल कारखान्यातलं ब्लीचिंग म्हणजे मातीने तेल निवळणं. आम्लाने धुतलेली बेंटोनाइट माती, आपल्या मुलतानी मातीची बहीण. ती तेलात ढवळतात, ती रंगद्रव्यं, पेरॉक्साइडं, लोखंड-तांब्याचे अंश धरून ठेवते, मग ती गाळून टाकतात. त्याआधी गोंदासारखे पदार्थ पाण्याने काढलेले असतात, सुटी आम्लं क्षाराने. शेवटी निर्वात टाकीत 220-250 अंशांवर वाफ सोडून वास काढतात. हेक्झेन? पेंडीतलं तेल काढायला वापरतात. ते सुमारे 69 अंशांना उकळून जातं, आणि उरलेल्याची मर्यादा किलोला 5 मिलिग्रॅम आहे.

या तेलातून काही जातं, हे मी लपवणार नाही. सुगंध जातो, ई जीवनसत्त्वाचा काही भाग जातो. वास काढताना तापमान फार चढलं तर, विशेषतः पामतेलात, काही नको ते पदार्थ बनतात. युरोपने त्यांवर मर्यादा घातल्या आहेत आणि ते योग्यच आहे. चांगल्या घाण्याचं शेंगदाणा तेल मलाही आवडतं. भाकरीवर, चटणीवर मी तेच घेते. पण ते चांगलं आहे हे ठरवणार कोण? मांडणीवर तारीख नसलेली बाटली, उन्हात ठेवलेली, पूर्वी दुसऱ्याच कशाने भरलेली. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, माणसं सुजली, मेली. त्याच वर्षी सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर बंधनं आणणारा आदेश निघाला. आमच्या पिढीतल्या तेल तपासनिसांनी ते दिवस पाहिलेत. म्हणून तळणासाठी मी बंद पिशवीतलं, ओळखीच्या कंपनीचं, भरभर खपणाऱ्या फळीवरचं रिफाइंड तेल घ्या म्हणते. याबद्दल कुणी मला कंपन्यांची माणूस म्हटलं तर वाईट वाटतं, पण मत बदलत नाही.

वनस्पती तुपाबद्दल एवढंच की 2022 च्या जानेवारीपासून ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्क्यांवर आली आहे. आमच्यासारख्यांनी त्यासाठी बरीच वर्षं आकडे गोळा केले.

तारखेबद्दल मात्र सावध करायला हवं. डाळी-पिठांच्या पिशवीवर बहुधा पॅकिंगची तारीख असते. ती पिशवी कधी भरली ते सांगते; गोणीत माल किती दिवस होता ते सांगत नाही. म्हणून पिशवी घरी आणली की त्याच दिवशी फोडून वास घ्या. पीठ तळहातावर चोळून, ऊब आल्यावर. नाकावर भरवसा ठेवायला लोक इतके का घाबरतात, मला कळत नाही. बिल पुष्कळदा जपून ठेवतात आणि वास कधीच घेत नाहीत.

अशा दुकानाचा एक तोटा मात्र खरा आहे, आणि तो दुकानात नाही, आपल्या घरात आहे. दोन माणसांच्या घरात पंधरा लिटरचा डबा. पाच किलो दाणे, कारण पाचवर भाव कमी. दुकानाने महिन्यात हलवलेला माल आपण सहा महिने शेगडीजवळच्या कपाटात ठेवतो, आणि मग जे खवट होतं त्याला दुकानाचं नाव देतो. माझ्या नणंदेकडे तर खोबऱ्याच्या वाट्या दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत पितळी डब्यात असायच्या, कल्हई उडालेल्या. तांबं लागलं की खवटपणा पळत येतो. मी दर वेळी सांगायची, ती दर वेळी हसायची.

वहिनींकडे मी प्रयोगशाळेतून थेट गेले. चारोळीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "आणि बेसन?" मी म्हणाले, "बेसन चांगलं होतं." त्या ओट्याकडे वळल्या, गॅस बारीक केला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बारा किलो होतं, काकू."

पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. गेल्या आठवड्यात यंदाच्या फराळाची यादी दाखवायला आल्या होत्या. बेसन 15 किलो, त्याच दुकानातून, तीन हप्त्यांत. चारोळीच्या जागी बेदाणे. यादीच्या शेवटी त्यांनी लिहिलंय: पहिली पिशवी काकूंकडे, वास घ्यायला.