नंबर कार्डावर, कार्ड गावाकडं



आमच्या शिवारातला ऊस उरकला. टनेज, खोडव्याची फूट, पाचट कुजवणं यावर पुढच्या नोंदीत लिहितो. आजची नोंद ऊस तोडणाऱ्या माणसांच्या आजारपणाच्या कागदांबद्दल आहे. विषय शेताबाहेरचा वाटेल, पण आपल्या फडात राबणाऱ्यांचा आहे आणि उद्या आपलाही आहे.

आधी गोठ्यातलं सांगतो, म्हणजे पुढचं पटकन कळेल. आपल्या जनावरांच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर १२ आकडी नंबर. जनावरांचे डॉक्टर येतात, नंबर मोबाईलमध्ये टाकतात. गाय कधी भरवली, लाळ्या-खुरकुताची लस कधी टोचली, जे नोंदवलं असेल ते समोर दिसतं. गाय दुसऱ्या तालुक्यात विकली तरी नंबर कानाबरोबर जातो. तिथल्या डॉक्टरनं ही गाय आयुष्यात पाहिलेली नसते, तरी त्याला सगळं पहिल्यापासून विचारावं लागत नाही. अर्थात आधीच्या डॉक्टरनं नोंद केली असेल तर. नोंद नसेल तर बिल्ला म्हणजे नुसतं प्लॅस्टिक.

आता माणसाचं ऐका.

या हंगामात आमच्याकडं बीडकडची दहा कोयत्यांची टोळी होती. टोळीतली एक पोरगी सातव्या महिन्यातली. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली, त्यामुळं ती घरी थांबायचा प्रश्नच नव्हता. डिसेंबरात एके दिवशी मोळी बांधता बांधता ती खाली बसली. डोकं ठणकतंय, डोळ्यापुढं अंधारी येतेय, पाय सुजलेले. आम्ही तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. बीपी १५०/१००.

डॉक्टर तरुण होते, नीट विचारत होते. आधी बीपी किती असायचं? रक्तगट कुठला? हिमोग्लोबिन? सोनोग्राफी झाली का, त्यात काय सांगितलं? पोरगी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत होती, "समदं कार्डावर हाय." कार्ड म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. ते गावाकडं, सासूच्या पेटीत. कोपीत पाणी शिरतं, कागद खराब होतात, म्हणून जपून ठेवलेलं.

डॉक्टरांनी कार्डासाठी उपचार थांबवले नाहीत. लघवी तपासली, गोळी दिली, कुशीवर झोपवून ठेवलं. पण मला म्हणाले, "बीपी पहिल्यापासून जास्त होतं की आत्ता चढलंय, हे मला कळलं पाहिजे. पाच महिन्यांच्या आधीपासून असेल तर तो जुना आजार. त्यानंतर चढलं असेल आणि लघवीतून प्रथिनं जात असतील तर गरोदरपणातला धोका. झटका येऊ शकतो. आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं."

मग फोनाफोनी. सासूला वाचता येत नाही. शेजारचा पोरगा बोलावला. त्यानं फोटो पाठवला, त्यात अर्धं पान आणि अर्धा अंगठा. दुसरा फोटो हलला. ११०/७० आहे की १४०/९०, कळेना. तिसरा नीट आला तेव्हा दिवस मावळला होता. चौथ्या महिन्यात बीपी ११०/७०. म्हणजे आता चढलेलं. आणि रक्तगट बी निगेटिव्ह, जो तिला स्वतःलाही माहीत नव्हता. आईचा गट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन वेळेवर द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या बाळंतपणात बाळाला धोका. १०८ बोलावली, सोबत डॉक्टरांनी हातानं लिहिलेली चिठ्ठी दिली, ती पोरगी त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात गेली. नंतर मुकादम म्हणाला, बाळंतपण लवकर झालं, बाळ कमी वजनाचं आहे, पण दोघं आहेत. नवऱ्याचे खाडे मात्र मुकादमानं लावलेच.

मला राहून राहून एक गोष्ट खटकते. त्या पोरीची नोंद संगणकात नव्हती असं नाही. प्रत्येक गरोदर बाईची नोंद सरकारच्या आरसीएच पोर्टलवर होते, तिला नंबर मिळतो. पण तो नंबर कार्डावर, कार्ड गावाकडं. तिचा फोन नंबरही नवऱ्याचा, आणि नोंदणीनंतर त्यानं सिम बदललेलं. म्हणजे सरकारच्या संगणकापेक्षा शेजारच्या पोराचा व्हॉट्सॲप फोटो आधी कामाला आला.

यावर उपाय म्हणूनच आभा नंबर आणलाय. डिजिटल आरोग्य मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०२० ला झाली, देशभर सुरुवात २७ सप्टेंबर २०२१ ला. १४ आकडी नंबर, आजवर ७० कोटींहून जास्त लोकांचे काढून झालेत. आपल्या गावातही कॅम्प झाला, नंबर निघाले. पण बहुतेकांचा एक घोटाळा आहे, तो आधी मिटवतो. आभा म्हणजे ५ लाखांच्या उपचाराचं आयुष्मान कार्ड नव्हे. आभानं पैसे मिळत नाहीत. आभा म्हणजे तुमच्या आजारपणाच्या कागदांना बांधलेला दोरा.

दुसरी गोष्ट, सगळ्यांचे कागद दिल्लीत एका गोदामात जात नाहीत. रिपोर्ट ज्या दवाखान्यात झाला तिथंच राहतो. दुसऱ्या डॉक्टरला तो बघायचा असेल तर मोबाईलवर तुमची परवानगी मागितली जाते. कुठले कागद, किती दिवसांसाठी, हे त्यात असतं. परवानगी दिलेली काढूनही घेता येते. रचना चांगली आहे. पण दवाखान्यानं कागद दोऱ्यात ओवलाच नाही तर नुसता दोरा हातात. तालुक्याच्या गावातला आपला नेहमीचा डॉक्टर अजून छोट्या चिठ्ठीवर चार गोळ्या लिहून देतो. ती चिठ्ठी कुठल्याच संगणकात जात नाही.

आता डॉक्टरांची बाजू. त्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी नंतर दोनदा बोलणं झालं. मला वाटलं होतं ते म्हणतील, सगळं ऑनलाइन झालं की बरं. ते म्हणाले, "वाचायला मिळालं तर सोनंच आहे. पण लिहायचं कुणी?" बाहेर शंभर माणसं रांगेत. एकेकाला दोन-तीन मिनिटं. त्यात माणसाकडं बघायचं, नाडी बघायची की पडद्याकडं बघून टाइप करायचं? त्यांच्या नर्सताई एकच लसीकरण रजिस्टरमध्ये लिहितात आणि परत ऑनलाइन भरतात. आशाताईंचं तेच. गावात रेंज नसली की रात्री घरी बसून भरायचं.

हे फक्त आपल्याकडचं रडगाणं नाही. अमेरिकेत २००९ साली कायदा करून दवाखान्यांना संगणकावर नोंदी ठेवण्यासाठी सरकारनं मोठा पैसा दिला. नोंदी झाल्या. मग २०१६ मध्ये तिथल्या एका अभ्यासात डॉक्टरांच्या दिवसाचा हिशोब मांडला. रोग्यासमोर एक तास गेला की जवळजवळ दोन तास संगणक आणि कागदांच्या कामात जात होते. तिथं काही दवाखान्यांनी डॉक्टरशेजारी बसून टाइप करायला वेगळा माणूसच ठेवलाय. घाईत कालची नोंद उचलून आज चिकटवायची सवय लागते, मग पानं वाढतात आणि कामाची ओळ त्यात बुडते. दहा पानी नोंद असून तीन मिनिटांत सापडली नाही, तर ती नसल्यासारखीच.

म्हणून मला वाटतं, आपल्याला जाड फाईल नको. पाच-सहा ओळी पक्क्या पाहिजेत. रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी, चालू गोळ्या, जुने आजार आणि ऑपरेशनं, गरोदर असेल तर प्रत्येक तपासणीचं बीपी आणि हिमोग्लोबिन. अनोळखी डॉक्टरला पहिल्या पाच मिनिटांत एवढंच लागतं.

आणि त्या ओळी बरोबर पाहिजेत. हे मी शेतकरी म्हणून सांगतो, कारण सातबाऱ्याचं आपण भोगलंय. हाताच्या सातबाऱ्यात चूक असली तर ती तलाठ्याच्या दप्तरात पडून असायची. सातबारा ऑनलाइन झाला आणि तीच चूक बँकेनं वाचली, सोसायटीनं वाचली, पीकविम्यानं वाचली. एक शून्य इकडचं तिकडं झालं की चार ठिकाणी अर्ज अडकतो. पण सातबाऱ्याला निदान कलम १५५ आहे. लेखनातली चूक दाखवून तहसीलदाराकडं दुरुस्ती मागता येते, चावडी वाचन होतं, कोणाच्या दारात उभं राहायचं ते ठाऊक आहे. माझ्या आजारपणाच्या नोंदीत उद्या कुणी नसलेला आजार लिहिला आणि तो पाच दवाखान्यांत वाचला गेला, तर गावातल्या माणसानं कोणत्या टेबलापुढं उभं राहायचं? हे दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत लिहिलेलं पाहिजे.

चांगला डॉक्टर नोंदीवर डोळे झाकून चालत नाही, हेही मी त्या डॉक्टरांकडून शिकलो. कार्डावर रक्तगट लिहिलेला असला तरी रक्त चढवायच्या आधी ते गट परत तपासतात आणि जुळवूनही बघतात. नोंद रस्ता दाखवते, पण डॉक्टरला हात लावून बघावंच लागतं.

आता परवानगीचं. सगळा डोलारा मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीवर उभा आहे. आपल्या घरात बघा, म्हाताऱ्याचा ओटीपी पोराच्या फोनवर, सुनेचा नवऱ्याच्या फोनवर. टोळीत तर चार कुटुंबांचे फॉर्म मुकादमाच्या नंबरवर भरलेले मी पाहिलेत. मग परवानगी कुणाची? टीबीची गोळी चालू असलेला माणूस मुकादमाला ते कळू देणार नाही, कारण पुढच्या वर्षी उचल मिळणार नाही. बाईचा गर्भपात झाला असेल तर ते कुणाला सांगायचं हे तिनं ठरवायचं. गाईला लाज नसते, तिची नोंद कुणीही बघावी. माणसाचं तसं नाही. नोंद माणसाबरोबर चालली पाहिजे आणि तिची किल्लीही त्याच माणसाकडं पाहिजे.

शेवटचा धोका, संगणक बंद पडण्याचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. देशातला एवढा मोठा दवाखाना, आणि कित्येक दिवस केसपेपरपासून रिपोर्टपर्यंत हातानं काम चाललं. तिथं ही गत, तर लाइट गेलेल्या उपकेंद्राचं काय? म्हणून कागद लगेच फेकू नका.

सगळं जागेवर येईल तेव्हा येईल. पुढच्या हंगामाच्या आधी आपल्या हातात असलेलं एवढं करू.

ज्यांच्या शेतात टोळ्या उतरतात त्यांनी मुकादमाला उचलीच्या वेळीच सांगायचं: गरोदर बाई, लहान लेकरू, टीबी, साखर, बीपीवाला, प्रत्येकानं आपलं कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर आणायची. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पिठाच्या डब्यात. तिथं पाणी शिरत नाही. घर सोडायच्या आधी कार्डाच्या प्रत्येक पानाचा उजेडात फोटो काढायचा आणि तो बाईच्या स्वतःच्या किंवा तिच्या विश्वासातल्या माणसाच्या फोनमध्ये ठेवायचा. मुकादमाच्या नाही. टोळी उतरली की पहिल्या आठवड्यात आपण आशाताईंना कळवायचं, म्हणजे राहिलेल्या तपासण्या इथं होतील. पाटपाण्याची पाळी आपण ज्या काळजीनं लिहून ठेवतो, तेवढीच ही काळजी.

आणि आपल्या घरातल्यांसाठी आज रात्री एक वहीचं पान घ्या. वर सांगितलेल्या पाच-सहा ओळी प्रत्येकाच्या नावापुढं लिहा. बघा, किती रकाने कोरे राहतात. आमच्या घरात आईच्या रक्तगटाचा रकाना कोरा होता. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, दोन ऑपरेशनं झालेली. दोन्ही दवाखान्यांनी तपासला असणार, लिहिलाही असणार. तो त्यांच्याकडं राहिला, आमच्यापर्यंत आलाच नाही.

सोमवारी तिला घेऊन तपासायला जातोय.