जवळा आणि एम-थ्री

जवळा भाकरीबरोबर खायचा, एवढंच मला माहीत होतं. पण हा प्रवाहाबरोबर वाहणारा जीव चक्क झूप्लँक्टनमध्ये मोडतो! बोंबील त्याच्यावर जगतो आणि आपण दोघांनाही खातो.

अशाच कोड्यावर व्होल्टेरा या इटालियन गणितज्ञाने १९२६ मध्ये समीकरणं मांडली. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिकमध्ये मासेमारी घटली, तेव्हा बाजारात शिकारी माशांचं प्रमाण का वाढलं, हे त्याला त्याच्या जावयाने विचारलं होतं. (कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे ‘अवकल समीकरण’ हा शब्द मी दोनदा वाचला. शुद्धलेखन सांभाळून घ्या!)

माझा मामा डोल जाळी लावतो. मोठ्या बोटीसाठी कर्ज काढायचं त्याच्या मनात आहे, म्हणून मी एम-थ्रीची वही काढली. समजा, समुद्रात जास्तीत जास्त १०० टोपल्या जवळा मावतो आणि वाढीचा दर वर्षाला १. लॉजिस्टिक समीकरणात ५० टोपल्या असताना वाढ सगळ्यात जास्त, म्हणजे वर्षाला २५. आता दरवर्षी २६ काढा. फक्त एक जास्त! (आकडे माझे, जवळ्याचे नव्हेत.)

१०० वरून ६० वर यायला सहा वर्षं लागतात. ६० वरून ४० वर यायला जवळजवळ सोळा. इतकी वर्षं सगळं ठीकच वाटतं. आणि ४० वरून शून्यावर? पुन्हा सहाच! गंमत म्हणजे शेवटच्या वर्षापर्यंत बंदरावर २६ टोपल्याच उतरतात. नुसते उतरलेल्या मालाचे आकडे बघणाऱ्याला काही कळायचंच नाही.

पावसाळ्याचंही बघितलं. वाढीचा दर ऋतूप्रमाणे वरखाली केला, सरासरी तीच ठेवली, तरी वर्षाची वाढ २५ च्या वर जात नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. ते दोन महिने वजा केले तर वर्षाला २२ च्या आतच काढले जातात, जवळा टिकतो. पण उरलेल्या दहा महिन्यांत कसर भरून काढली, की पुन्हा २६! मोठी बोट आणखी कशासाठी असते?

दिवाळीच्या सुट्टीत मामाला ग्राफ दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “पोरी, हे समजलं. आता आपण साठावर आहोत की चाळिसावर, तेवढं सांग. बँकेत सोमवारी जायचंय.”