माणसाच्या आधी

चाकणला एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या केंद्रात गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात. आत पुतळे बसवलेले असतात. मान, छाती, गुडघे यांना किती मार बसला, ते सेन्सर सांगतात. औषधाचा मार झेलायचा असतो यकृताला, आणि तिथे पुतळ्याची जागा आजवर उंदीर-कुत्र्यांनी घेतली.

1993 साली अमेरिकेत हिपॅटायटिस बीवरचं फियालुरिडीन 15 रुग्णांना दिलं गेलं. जनावरांवरच्या चाचण्यांत धोका दिसला नव्हता. 7 जणांचं यकृत निकामी झालं, त्यांतले 5 दगावले. दोघे प्रत्यारोपणामुळे वाचले. पुढे उलगडा झाला: माणसाच्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियावर एक वाहक प्रथिन असतं, ते हे औषध थेट आत नेतं. उंदराच्या मायटोकॉन्ड्रियावर ते नसतं. चाचण्या करूनही माणसं गेली, हे मला पचत नाही.

यकृतावरचा औषधाचा मार काय असतो, ते आपल्याकडे क्षयरोगाच्या गोळ्या घेणाऱ्या कामगाराला विचारा. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आयसोनियाझिड, पायराझिनामाइड यकृताला जड. जेवणावरची वासना उडाली, मळमळू लागलं, डोळे पिवळे झाले, की डॉक्टरांकडे धावायचं. दोन रंगांतला हा फरक त्याला कुणीतरी समजावून सांगायला हवा. रक्ततपासणीत यकृताचा मार दाखवणारं एसजीपीटीही वाढतं ते पेशींना इजा झाल्यावरच.

हा धोका आधीच ओळखण्यासाठी आता दोन बोटांवर मावेल एवढी चिप निघाली आहे. पारदर्शक पॉलिमरमध्ये बारीक वाहिन्या, त्यांत माणसाच्या यकृताच्या जिवंत पेशी आणि त्यांना पोसणारा वाहता द्रव. 2022 च्या एका अभ्यासात 27 औषधं तपासली. यकृताला घातक असलेल्यांपैकी 87 टक्के चिपने ओळखली आणि निर्दोष औषधावर एकदाही ठपका ठेवला नाही. उरलेले 13 टक्के विसरून चालणार नाही, पण जनावरांत न दिसलेला धोका इथे दिसू शकतो, ही मोठी गोष्ट आहे. मार्च 2023 मध्ये भारतानेही नियम बदलून अशा पद्धतींना वाट दिली.

ती वाट आपल्या दारावरून जाते. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, देशाला स्वतःचं पेनिसिलिन मिळालं. पेशींवर काम करणारी एनसीसीएस ही संशोधन संस्था पुण्यात आहे. आणि भोसरीच्या टूलरूममध्ये मायक्रॉनमध्ये मोजून मोल्ड करणारे हात आहेत. चिपच्या वाहिन्यांनाही मोल्डच लागतो. टूलरूमवाल्यांनो, एकदा अशा चिपवर काम करणाऱ्या संशोधकांना गाठा. त्यांना कसला मोल्ड हवा आहे, ते विचारा.