दाढ शांत झाली तेव्हा

पवित्र सप्ताह जवळ आला की धर्मगुरूने आजारी पडू नये, असा आमच्या व्यवसायात एक अलिखित संकेत आहे. आमच्या खालच्या डाव्या दाढेला मात्र तो ठाऊक नव्हता. प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात तिने प्रथम थंड पाण्याविरुद्ध तक्रार केली. ती आम्ही मनावर घेतली नाही. पुढे चहाचा घोट घेतला की कळ उठे आणि कप रिकामा झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटे रेंगाळे. मग तिने रात्र धरली. दिवसा कशीबशी निभावणारी दाढ अंथरुणाला पाठ टेकली रे टेकली की ठणकू लागे. उशाला उशी रचून आम्ही बसल्या बसल्या डुलक्या काढीत असू.

ह्या रात्रीच्या छळाचे कारण आम्हांला पुढे कळले. दाताच्या पोटात रक्तवाहिन्यांचा आणि मज्जातंतूंचा मऊ गर असतो. कीड तिथवर पोहोचली की तो सुजतो. पण भोवती कठीण भिंती असल्याने सुजेला फुगायला जागा नसते. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि त्या कोंडलेल्या कोठडीत दंगल माजते.

उपचारांची मात्र कमतरता नव्हती. दाढ दुखते आहे एवढे कळण्याचा अवकाश, धर्मग्रामातील प्रत्येक जण वैद्य होतो. लवंगेच्या तेलाचा बोळा आम्ही ठेवला. त्याने बधिरता येते, हे खरे. त्यातील युजेनॉल नावाच्या द्रव्याचा तो गुण आहे. परंतु उत्साहाच्या भरात आम्ही तो बोळा तासातासाला बदलला आणि शेजारची हिरडी पांढरी पडून सोलवटली. एका सद्‌गृहस्थांनी ॲस्पिरिनची गोळी दाढेशेजारी दाबून धरण्याचा सल्ला दिला. तो आम्ही सुदैवाने मानला नाही. ती गोळी पोटात जाऊनच काम करते, हिरडीवर ठेवल्यास केवळ भाजते. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ टाकून केलेल्या गुळण्या तेवढ्या निरुपद्रवी ठरल्या.

आणि एका शुक्रवारी सकाळी दाढ शांत झाली. अगदी अकस्मात! दाढदुखीने त्रासलेल्यांची आश्रयदात्री संत अपोलोनिया हिची आम्ही आदल्या रात्री मध्यस्थी मागितली होती. सन 249 मध्ये अलेक्झांड्रियातील जमावाने मारहाण करून ह्या वृद्ध कुमारिकेचे दात पाडले होते. 9 फेब्रुवारी हा तिचा सण. तिचे आभार मानून आम्ही दाढेचा विषय मिटवून टाकला. संत मंडळींच्या खात्यावर आम्ही किती घाईने जमा-खर्च मांडतो!

झावळ्यांच्या रविवारी संध्याकाळी आरशात पाहिले, तो डावा गाल लिंबाएवढा सुजलेला.

दंतवैद्य म्हणून आमच्यासमोर उभी राहिली ती आमच्याच हाताखाली प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराची तयारी केलेली मुलगी. तिने एक्स-रे काढला, दाढ उघडून पू वाहता केला आणि मग म्हणाली, “फादर, दुखायचं थांबलं, त्याच दिवशी तुम्ही धावत यायला हवं होतं.”

“थांबल्यावर कशाला येणार, बाळ?”

“बरं झालं म्हणून थांबलं नव्हतं. आतली नस मेली म्हणून थांबलं होतं.”

मेलेल्या गरातील जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरले होते. तिने औषध लिहून दिले. परंतु नुसत्या गोळ्यांनी सूज ओसरली म्हणून पुन्हा घरी बसाल तर ती परत येईल, असेही बजावले. सुजेबरोबर तोंड उघडेना, गिळवेना वा ताप चढला, तर रात्र काढू नये, सरळ इस्पितळ गाठावे, हे तिने दोनदा सांगितले. रूट कॅनलला तीन खेपा झाल्या. शुभ शुक्रवारचे प्रवचन आमच्या साहाय्यकांनी केले; ते लवकर आटोपल्याबद्दल भाविकांनी समाधान व्यक्त केल्याचे आमच्या कानांवर आले.

शेवटच्या खेपेस तिने आमच्या हाती आरसा देऊन खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू दाखविली. तिथे पिवळट कीटणाची भिंत उभी होती. जिभेखाली लाळेच्या नलिका उघडतात, म्हणून कीटण तिथे विशेष जमते. दातावर रोज बसणारा जंतूंचा चिकट थर ब्रशने निघतो. राहून गेला तर लाळेतील चुना त्याला दगड बनवितो. मग ब्रश त्याचे काही करू शकत नाही. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहुक ह्याने स्वतःच्या दातांवरचा असाच मऊ मळ भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात वळवळणारे जीव दिसले. ते त्याने 1683 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. तो गृहस्थ रोज मिठाने दात घाशीत असे, हे येथे सांगितले पाहिजे.

“हे साफ करून घ्या,” ती म्हणाली. आम्ही चाचरलो. “दात हलतील ना?”

हा प्रश्न आमच्या तोंडून निघाला आणि आम्हांला मावशी आठवल्या.

मावशी गेली बारा वर्षे आमच्या धर्मगुरुनिवासात स्वयंपाक करतात. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई. इस्पितळाच्या एका शिबिरात त्यांना दात साफ करून घ्यायला सांगितले होते. “करू का, फादर?” असे त्यांनी विचारले. आम्ही भाजी पानात वाढून घेत म्हणालो, “मुळीच नको. आमच्या आईने केले आणि वर्षभरात तिचे दोन दात गेले.” मावशी गेल्या नाहीत. गेल्या दोन वर्षांत त्यांचे पुढचे तीन दात पडले. आता त्या भाकरी कालवणात भिजवून खातात. आम्हांला त्यांनी कधी बोल लावला नाही. फादर म्हणाले, एवढे त्यांना पुरेसे होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक तर्कदोष आमच्याकडून घोकून घेतला होता: पोस्ट हॉक, एर्गो प्रोप्टर हॉक. ह्याच्यानंतर घडले, म्हणून ह्याच्यामुळे घडले. परीक्षेत आम्ही त्याची चार उदाहरणे लिहिली होती. आईचे पाचवे उदाहरण घरातच होते. तिच्या दातांभोवतीचे हाड साफसफाईपूर्वीच झिजले असणार. कीटणाच्या आधाराने उभे असलेले दात ते निघताच हलू लागले. कीटण हिरडीला दातापासून सोडविते, आत जंतू शिरतात, हाड खचते. आणि हे सारे बहुधा न दुखता चालते.

आमचे दात साफ झाले. यंत्राचे टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरते आणि त्यावर पाण्याची धार असते. खरवडून कवच काढले जात नाही. दोन-चार दिवस थंड पाणी झोंबले, एवढेच.

पुढल्या सोमवारी आम्ही मावशींना घेऊन गेलो. वाटेत रिक्षात त्यांना सांगितले, “मावशी, तेव्हा आम्ही तुम्हांला चुकीचे सांगितले.” त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

तिने मावशींना मधुमेहाविषयी विचारले, रक्ताची तपासणी करून आणायला लावली. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखरेलाही आवरू देत नाहीत. मिश्रीची डबी मावशींनी स्वतःच पिशवीतून काढून दाखविली. दंतमंजनात तंबाखू घालण्यास सरकारने 1992 सालीच बंदी केली, पण घरी भाजलेल्या तंबाखूला कोण अडविणार? हिरडीच्या खालची सफाई दोन खेपांत झाली. दुसऱ्या दिवशी मावशी जीभ फिरवीत म्हणाल्या, “फादर, दातांत फटी पडल्यात.” कीटण जिथे होते तिथे आता काही नाही, हे आम्ही त्यांना समजावले, ह्या खेपेस विचारून घेतलेले होते. दोन दात मात्र वाचण्यासारखे नाहीत, असे निदान आले आहे.

पुढली तारीख आमची सहा महिन्यांनी आहे, मावशींची तीन. त्यांनी ती स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर कोळशाने खुणावून ठेवली आहे.