ऑल-फ्लॅश स्टोरेजची पारख : पुणे ते नवी मुंबई, भाजेमार्गे

ऑल-फ्लॅश स्टोरेज म्हणजे फिरत्या तबकडीला पूर्ण फाटा देऊन केवळ नँड फ्लॅश चिपांवर माहिती ठेवणारी यंत्रणा. नँड फ्लॅशचा शोध तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांचा. १९८७ साली तो जगापुढे आला. बँका आणि कारखान्यांच्या सर्व्हर-खोल्यांत तो रुळायला मात्र त्यानंतर वीसहून अधिक वर्षे गेली, कारण किंमत. मिनिटाला १५,००० फेरे घेणारी तबकडीसुद्धा हवी ती नोंद हेडखाली येईपर्यंत सरासरी २ मिलिसेकंद नुसती थांबवून ठेवते. हेड सरकायला लागणारा वेळ वेगळाच. फ्लॅशमधले वाचन साधारण एक दशांश मिलिसेकंदात उरकते. तेव्हा डिस्कच्या तुलनेत कोणताही ऑल-फ्लॅश बॉक्स वेगवानच ठरतो, आणि म्हणूनच दोन बॉक्समधली निवड केवळ वेगाच्या आकड्यांवर करता येत नाही.

मावळातील भाजे गावात राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाचा या निवडीशी संबंध आला तो पुण्यातील एका सहकारी बँकेच्या कामातून. मुख्य डेटा सेंटर पुण्यात, आपत्तीत काम चालवणारे पर्यायी केंद्र (डीआर साइट) नवी मुंबईत, आणि जुन्या डिस्क-स्टोरेजची मुदत संपत आलेली. निरनिराळ्या व्हेंडरांचे बॉक्स खरेदीपूर्व चाचणीसाठी (पीओसी) मागवले गेले. चाचण्या बँकेचे दिवसअखेरचे काम (डे-एंड) उरकल्यावर, रात्री चालत. केबल आणि कंट्रोलरची कामे मळवलीहून लोकलने पुण्याला जाऊन होत, बाकीची भाज्यातल्या घरून.

बाजारातील यंत्रणांची घडण एकसारखी नाही. प्युअर स्टोरेजने आपल्या फ्लॅशॲरेसाठी तयार एसएसडी सोडून स्वतःची फ्लॅश मोड्यूल बनवली आणि चिपांची देखरेख ॲरेच्या सॉफ्टवेअरकडे दिली. आयबीएमच्या फ्लॅशसिस्टिमचे मूळ २०१२ साली विकत घेतलेल्या टेक्सास मेमरी सिस्टिम्समध्ये आहे. तिच्या फ्लॅशकोअर मोड्यूलमध्ये कॉम्प्रेशन मोड्यूलमधले हार्डवेअरच करते. नेटॲपची ऑनटॅप प्रणाली ब्लॉक आणि फाइल या दोन्ही प्रकारची साठवण एकाच ठिकाणाहून पुरवते. चिपांमध्येही भेद आहे. टीएलसीच्या एका पेशीत ३ बिट मावतात, क्यूएलसीच्या पेशीत ४. क्यूएलसी स्वस्त पडते. पण तिचे लेखन मंद आणि आयुष्य कमी. कोअर बँकिंगच्या डेटाबेससाठी टीएलसी, जुन्या दस्तऐवजांसाठी क्यूएलसी, ही वाटणी आजही योग्यच म्हणावी लागेल.

माहितीपत्रकातले लाखो आयओपीएस, म्हणजे सेकंदाला होणारी वाचन-लेखने, बहुधा ४ केबीच्या निव्वळ वाचनाचे असतात. बँकेचे काम असे नसते. दिवसा ८ केबीचे विखुरलेले वाचन-लेखन, रात्री व्याज आकारणी, त्यातच बॅकअपचे मोठे ब्लॉक. शिवाय कोरा बॉक्स नेहमीच चांगला पळतो. फ्लॅशमध्ये लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. बॉक्स भरत गेला की ही साफसफाई ऐन कामाच्या वेळी सुरू होते. म्हणून मोजणीपूर्वी तो बऱ्याच अंशी भरून, त्यावर काही काळ सतत लिहीत राहणे आवश्यक असते. चाचणीचा डेटाही कॅशमध्ये मावणार नाही इतका मोठा हवा, नाहीतर मोजली जाते ती रॅम.

असा भरलेला बॉक्स आणि व्याज आकारणीचा भार एकत्र आले, की सरासरी लेटन्सीची (प्रतिसादाला लागणाऱ्या वेळेची) रेघ सपाट राहते, पण शंभरातल्या सर्वांत संथ एका व्यवहाराची रेघ वर उसळते. रात्री पडद्यावर ही दुसरी रेघच पाहावी. शाखेतल्या काउंटरवर अडकून पडणारा ग्राहक त्या रेघेत असतो. पीओसीतले बॉक्स सरासरीत जवळपास सारखे होते. वेगळेपण दिसले ते इथे.

दुसरी निर्णायक चाचणी बॉक्सचे काम चालवणाऱ्या दोन कंट्रोलरांपैकी एक काढण्याची. चालू भाराखाली एका कंट्रोलरची खिट्टी दाबून तो रॅकमधून सरळ बाहेर ओढायचा. काही क्षण पडद्यावरचे व्यवहार थांबतात, मग दुसरा कंट्रोलर काम उचलतो. किती वेळ थांबले, आणि उरलेला एकटा कंट्रोलर पूर्ण भार पेलतो का, या दोनच गोष्टी नोंदवायच्या. दोन्ही कंट्रोलर रोज साठ-सत्तर टक्के भारावर चालत असतील, तर एक गेल्यावर दुसरा तो भार पेलूच शकत नाही. हे साधे गणित टेंडरच्या कागदात क्वचितच लिहिलेले असते, आणि ते लिहिलेच पाहिजे.

किमतीची तुलना डेटा रिडक्शनवर अडते. पुनरावृत्ती काढून आणि कॉम्प्रेस करून १०० टीबी जागेत ४०० टीबी माहिती बसेल, असे चारास एकचे प्रमाण सर्रास सांगितले जाते. एकाच प्रतीवरून बनवलेल्या व्हर्च्युअल मशीनांवर ते मिळतेही. पण धनादेशांच्या स्कॅन प्रतिमा आधीच कॉम्प्रेस झालेल्या असतात, आणि डेटाबेस स्वतःच एन्क्रिप्ट करून लिहीत असेल तर ॲरेला त्यात दाबण्याजोगे काही सापडत नाही. बँकेच्या खऱ्या डेटाची प्रत ओतल्यावर हे प्रमाण चाराच्या बरेच खाली आले. प्रमाण चारावरून दोनावर आले, की टीबीमागचा दर दुप्पट होतो. स्वस्त वाटणारा बॉक्स तिथे महाग ठरतो.

यापुढचा प्रश्न बॉक्सच्या बाहेरचा, पुणे आणि नवी मुंबई यांना जोडणाऱ्या वाटेचा आहे, आणि तो भाजे गावातून डोळ्यांनी दिसतो. लेण्यांच्या पायऱ्या चढून मागे वळले की इंद्रायणीच्या खोऱ्यात लोहमार्ग, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग जवळजवळ शेजारी धावतात. भाजे, कार्ला, बेडसे ही लेणी ज्या प्राचीन घाटवाटेच्या आधाराने कोरली गेली, तीच ही वाट. पुण्याहून मुंबईकडे जाणारी ऑप्टिकल फायबरही याच पट्ट्यातून जाऊन खंडाळ्याशी घाट उतरते. काचेतून प्रकाशाला किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद लागतात. केबल १५० किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. सिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये प्रत्येक लेखन पलीकडून पोच आल्याशिवाय पूर्ण होत नाही. डिस्कच्या काळात सात-आठ मिलिसेकंदांत हा दीड मिलिसेकंद खपून जाई. लेखन एक तृतीयांश मिलिसेकंदात उरकणाऱ्या फ्लॅशवर तोच दीड मिलिसेकंद मूळ वेळेच्या चौपटीहून अधिक भरतो.

त्यातच दोन वेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या जोडण्या प्रत्यक्षात याच अरुंद पट्ट्यातून जात असतील, तर पावसाळ्यात घाटात दरड कोसळल्यावर किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात लागल्यावर दोन्ही एकदम तुटू शकतात. खरोखर वेगळी वाट हवी तर नाशिकमार्गे वळसा घ्यावा लागतो. पुणे-नाशिक-मुंबई हे अंतर ४०० किलोमीटरच्या घरात जाते आणि फेरी ४ मिलिसेकंदांची होते. या अंतरावर व्यवहारागणिक पोच मागणे परवडत नाही. म्हणून स्टोरेजचे रेप्लिकेशन असिंक्रोनस, म्हणजे पोचेची वाट न पाहणारे, ठेवून, डेटाबेसचे लॉग मात्र सतत नवी मुंबईला पाठवत राहण्याची रचना निवडली गेली. तिच्यात काही सेकंदांचे व्यवहार गमावण्याची शक्यता राहते. ती जोखीम संचालक मंडळापुढे लेखी ठेवून मंजूर करून घेण्यात आली.

करारात मग तीन कलमे आग्रहाने घातली गेली. डेटा रिडक्शनचे कबूल केलेले प्रमाण बँकेच्या डेटावर न मिळाल्यास कमी पडणारी जागा व्हेंडरने विनामूल्य द्यावी. वार्षिक देखभाल कराराचा (एएमसी) दर पहिल्या तीन वर्षांपुरता नव्हे, सात वर्षांचा आजच ठरावा. आणि कंट्रोलर काढण्याची चाचणी यंत्रणा बसवल्यावर बँकेच्या माणसांसमोर, चालू भाराखाली पुन्हा व्हावी. ती उत्तीर्ण झाल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये.